विदादबाईंना मिळालेली शांतता

विदादबाईंना डेन्मार्कमध्ये येऊन आठ महिने झाले, तेव्हा नगरपालिकेनं त्यांना घर दिलं. घर दृष्ट लागावी असं. पिवळ्या विटांचं, लाल कौलांचं, मागं सफरचंदाची दोन झाडं आणि भोवती फूटपट्टीनं आखल्यासारखं कापलेलं हिरवं कुंपण. गाव पश्चिम किनाऱ्याकडचं, साडेतीनशे वस्तीचं. एकुलतं एक दुकान बंद पडलेलं. बस दिवसातून तीनदा, रविवारी तीही नाही.

"तुम्ही फार सोसलंय," त्यांचं प्रकरण सांभाळणारी हेन्रिएटे किल्ली देताना म्हणाली. "तुम्हाला आता सगळ्यात जास्त कशाची गरज असेल तर ती शांततेची."

हेन्रिएटे मनापासून बोलत होती. विदादबाईंसाठी तिनं आधीची दोन घरं रस्त्याचा आवाज येतो म्हणून नाकारली होती.

विदादबाई सीरियातल्या देर एझ-झोरच्या. मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवलेला. नवरा युद्धाच्या आधीच हृदयविकारानं गेला. 'वेळेत गेला' असं त्या म्हणायच्या. मुलगा कॅनडात. घर, शाळा आणि गल्ली हे सगळं एकाच आठवड्यात जमीनदोस्त झालं होतं. आणि त्या शहरात शेवटच्या वर्षी एक गोष्ट शेंबड्या पोरालाही कळू लागली होती: विमान येण्याआधी शांतता पसरते. भाजीवाला ओरडायचा थांबतो, कुत्री गप्प होतात, कुणीतरी हातातली हातोडी खाली ठेवतं. शेजारीण नवऱ्यावर खेकसतेय, वरच्या मजल्यावर कुणी खिळा ठोकतंय, म्हणजे आज सगळं ठीक आहे.

आता ती शांतता या गावात आली आणि बसूनच राहिली. बॉम्ब काही पडेना. विदादबाई वाट बघत राहिल्या.

शेजारी वाईट होते असं मुळीच नाही. पलीकडच्या घरातले प्रेबेन दूधसंघातून निवृत्त झालेले. रोज सकाळी नऊला कुंपणावरून हात हलवायचे. विदादबाईही हलवायच्या. संपलं. दुसऱ्या महिन्यात विदादबाईंनी शहरातल्या भाचीकडून भेंडी मागवली, मटणाचा आंबटसर रस्सा केला, पावाच्या तुकड्यांवर ओतून मोठं पातेलंभर प्रेबेनकडे नेऊन दिला. प्रेबेननी दोन्ही हातांनी पातेलं घेतलं, तीनदा आभार मानले आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी पातेलं उंबऱ्यावर होतं. घासून लख्ख, आत एक छापील कार्ड: 'मनःपूर्वक धन्यवाद.' घंटा कुणी वाजवली नव्हती. बाईंना त्रास नको म्हणून.

विदादबाई त्या रिकाम्या पातेल्याकडे पाहत बराच वेळ उंबऱ्यावर बसल्या. देर एझ-झोरमध्ये रिकामं भांडं परत पाठवणं म्हणजे संबंध तोडणं.

पहिल्या वर्षी झोप गेली. दुसऱ्या वर्षी भूक गेली. तिसऱ्या वर्षी विदादबाई सफरचंदाच्या झाडांना भूगोल शिकवू लागल्या. "फुरात नदीचा उगम कुठं? अं? कालच सांगितला ना? उभी राहा!" प्रेबेननी हे ऐकलं आणि फार काळजीनं नगरपालिकेला पत्र लिहिलं. विदादबाईंना विचारायला ते आले नाहीत. दुसऱ्याच्या खाजगी गोष्टीत नाक खुपसणं त्यांना बरं वाटेना.

मग मानसोपचारतज्ज्ञ आले, आणि दुभाषा फोनवर आला. दुभाषा इराकी होता आणि बहुधा गाडी चालवत होता. मागं हॉर्न वाजत होते. तज्ज्ञांनी प्रश्नावली उघडली. "गेल्या दोन आठवड्यांत आतून रिकामं रिकामं वाटलं का?"

"बाई, रिकाम्या आहात का?" दुभाष्यानं विचारलं.

"दिवसभर!" विदादबाई म्हणाल्या. "या की चहाला. कुठं आहात तुम्ही? मागं किती छान आवाज येतोय!"

कागदावर नोंद झाली: 'रिकामेपणा, दिवसभर.' गोळ्या सुरू झाल्या, आणि सल्ला मिळाला: गोंगाट टाळावा.

नेमून दिलेल्या गावात तीन वर्षं काढायची असा नियम होता. चौथं वर्ष लागलं त्याच आठवड्यात भाची घादा शहरातून टेम्पो घेऊन आली. तिनं मावशीसाठी एल्मेपार्कमध्ये जागा बघितली होती. हेन्रिएटे धावतच आली.

"विदाद, एल्मेपार्क? अहो, ती वस्ती सरकारी यादीत आहे. वाईट वस्त्यांच्या! तिथं रात्रंदिवस गलका असतो."

"खरंच?" विदादबाईंनी विचारलं. "रात्रंदिवस?"

एल्मेपार्कला एल्मचं एकही झाड नव्हतं. सिमेंटच्या चारमजली आठ इमारती, बाल्कन्यांमधून वाळत घातलेले कपडे, टीव्हीच्या तबकड्या आणि सायकली. विदादबाईंची जागा तिसऱ्या मजल्यावर. टेम्पोतून सोफा उतरवला तेव्हा तळमजल्याच्या बाल्कनीतून एक जाडजूड म्हातारी सिगरेट हातात धरून ओरडली, "तो जायचा नाही वर! चाळीस वर्षं बघतेय, असले सोफे जात नाहीत!"

ही बिर्टे. मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेली, मूळची डॅनिश आणि फाटक्या तोंडाची.

सोफा गेला नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर असा अडकला की वरही जाईना आणि खालीही येईना. अख्खी इमारत त्याच्यावरून उड्या मारत ये-जा करू लागली. दुसऱ्या मजल्यावरची सोमाली होदान आपल्या चार मुलींसह बाहेर आली, परिस्थिती पाहिली आणि आत जाऊन चहा घेऊन आली. सोफा आहेच तर बसायचं का नाही? एक बोस्नियन सुतार आला आणि 'पाय कापावे लागतील' म्हणाला. बिर्टे जिना चढून आली, धापा टाकत सोफ्यावर बसली आणि सगळ्यांना सूचना देऊ लागली. घादाला मधूनमधून रडू येत होतं.

"मावशी, चार तास झाले गं!"

"होऊ दे," विदादबाई म्हणाल्या. त्या सोफ्याच्या मधोमध बसल्या होत्या. एका बाजूला बिर्टे, दुसऱ्या बाजूला होदान, मांडीवर कुणाचं तरी बाळ.

संध्याकाळी पाय कापून सोफा वर गेला. तोवर जिन्यातल्या सोळाही घरांची नावं विदादबाईंना पाठ झाली होती. खालच्या मजल्यावर कुणीतरी कुणाला तरी शिव्या घालत होतं, वर पोरं धावत होती, भिंतीपलीकडे टीव्ही बोंबलत होता. विदादबाई त्या बिनपायाच्या सोफ्यावर आडव्या झाल्या आणि अकरा तास झोपल्या.

पुढची सहा वर्षं त्या एल्मेपार्कमध्ये राहिल्या. ती जागा स्वर्ग होती असं कुणी समजू नये. तळघरात कुणाची तरी स्कूटर जळाली. पहिल्या मजल्यावरच्या बापलेकांची भांडणं हातघाईवर यायची. कुणीतरी कायम कचरा चुकीच्या डब्यात टाकायचं. पण विदादबाईंना रागवायला माणसं मिळाली होती, आणि एकतीस वर्षं नोकरी केलेल्या शिक्षिकेला याहून मोठं औषध काय असणार? त्यांनी जिन्यात सूचना चिकटवायला सुरुवात केली. डॅनिशमध्ये. बिर्टे त्यातल्या चुका सुधारून वर दोन शिव्या लिहायची. होदानच्या मुली त्यांना 'बाई' म्हणू लागल्या आणि रोज चारला वह्या घेऊन भूगोलाला बसू लागल्या. गोळ्या खणात पडून होत्या. एकदा पाहिलं तर त्यांची मुदत संपून दीड वर्ष झालं होतं.

बिर्टे रोज दुपारी वर यायची. दोघींची भाषा अर्धी डॅनिश, अर्धी हातवाऱ्यांची.

"तुला झोप लागते का गं आता?" तिनं एकदा विचारलं.

"लागते. तू खाली बाल्कनीत खोकतेस ना पहाटे, तेव्हा जाग येते. मग कळतं, बिर्टे आहे. परत झोपते."

"बरंय. म्हणजे सिगरेट सोडायला नको."

एकदा टीव्हीवाले आले. गळ्यात मफलर घातलेल्या तरुणानं माइक पुढं केला: "इथं तुम्हाला भीती वाटते का?"

"हो," विदादबाई म्हणाल्या, "होदानच्या तिसऱ्या मुलीची. परीक्षा सोमवारी आहे आणि ती नाईल नदी ब्राझीलमध्ये दाखवते."

रात्रीच्या बातम्यांत विदादबाई दिसल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "हो."

वस्ती यादीत कशामुळं येते याचे निकष ठरलेले होते. किती जणांना काम नाही, किती जणांचं शिक्षण कमी, गुन्हे किती, आणि मूळचे कुठले किती. कोण कोणाकडे चहाला जातं असा रकाना त्यात नव्हता. त्यामुळं आठपैकी तीन इमारती पाडायचं ठरलं. विदादबाईंची त्यातली एक. सभागृहात बैठक झाली, पडद्यावर नव्या वस्तीची चित्रं दाखवली. चित्रांत झाडं पुष्कळ होती, माणसं थोडी.

बिर्टे उठली. "मी इथं पंचेचाळीस वर्षं राहतेय. मी यादीत आहे का?"

"नाही, नाही," अधिकारी घाईनं म्हणाला. "तुम्ही डॅनिश आहात. तुमच्यामुळं उलट आकडा सुधारतो."

"मग मला आणखी चार जागा द्या. मी सगळीकडे थोडी थोडी राहते."

लोक खूप हसले. इमारत मात्र पाडली.

होदान मुलींना घेऊन दुसऱ्या गावी गेली. विदादबाईंना आधी जंगलाला लागून बंगली दाखवली. त्यांनी 'नको' म्हणताना हेन्रिएटेचा हात इतका घट्ट धरला की तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. मग शहराच्या पश्चिमेला नव्या संकुलात जागा मिळाली. भिंती अशा की पलीकडे कुणी जन्मलं काय आणि मेलं काय, कळू नये. जाहिरातीत हे ठळक अक्षरांत छापलेलं होतं. बिर्टेला शहराच्या दुसऱ्या टोकाला, तळ्याकाठी, ज्येष्ठांच्या घरकुलात पाठवलं. बिर्टेला फोनवरचं ऐकू येत नसे. आणि विदादबाईंना तिचा नवा पत्ता कुणी देईना. ती माहिती खाजगी होती.

झोप पुन्हा गेली. नव्या डॉक्टरांनी जुनी फाइल वाचली, गोळ्या लिहून दिल्या, आणि म्हणाले, "डॅनिश माणसांशी थोडा संपर्क वाढवा. तुमच्यासारख्यांना त्याचा फायदा होतो."

त्यांनीच नगरपालिकेच्या 'भेटसोबत' योजनेचं पत्रक दिलं. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांकडे आठवड्यातून एक तास स्वयंसेवकांनी जायचं. विदादबाई त्याच दिवशी स्वयंसेवक व्हायला कचेरीत हजर झाल्या.

"मला बिर्टे हवी," त्यांनी माल्टे नावाच्या तिथल्या तरुणाला सांगितलं. "एल्मेपार्कची बिर्टे. जाडी आहे. खोकते."

"सोबती असा निवडता येत नाही हो," माल्टे म्हणाला. "जोड्या आम्ही लावतो. आणि आधी प्रशिक्षण घ्यावं लागेल."

प्रशिक्षण दोन दिवसांचं होतं. विषय: डॅनिश वृद्धांचं म्हणणं कसं ऐकून घ्यावं. विदादबाईंनी वही भरून टिपणं काढली, प्रमाणपत्र घेतलं, आणि त्यांना एक निवृत्त दंतवैद्य मिळाले. ते चार आठवडे घड्याळ बघत बसले आणि पाचव्या आठवड्यात 'आता मला पुष्कळ बरं वाटतंय' असं कळवून मोकळे झाले. मग मार्चमध्ये माल्टेचा फोन आला. आवाज पडलेला.

"विदाद, एक अवघड प्रकरण आहे. तळ्याकाठच्या घरकुलातली बाई. तीन स्वयंसेवक पळाले. एक तर रडत परत आली. ही बाई जेवत नाही, औषध घेत नाही, नुसत्या शिव्या देते. तुम्हाला नाही म्हणता येईल, आम्ही समजून घेऊ."

विदादबाईंनी बसचा नंबर विचारला.

दार ढकललेलंच होतं. बिर्टे खिडकीशी बसली होती, निम्मी झालेली. गळ्याची कातडी लोंबत होती. तळं समोर चकचकत होतं. तिनं मान वळवली, विदादबाईंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"इतका उशीर?" ती म्हणाली. "तिघींना हाकलावं लागलं मला! शेवटची तर बिचारी चांगली होती. तिला शिव्या द्यायला जिवावर आलं माझ्या."

"तुला काय ठाऊक, मीच येईन म्हणून?"

"ठाऊक कसलं. ते पत्रक वाचलं मी. म्हटलं, फुकट बडबड करायची आणि वर कुणाला तरी ओरडायचं, असलं काम दिसलं की आमच्या बाई तिथं असणारच." मग तिचं तोंड वाकडं झालं, आणि विदादबाईंनी तिला जवळ ओढून घेतलं. नंतर बिर्टेच म्हणाली, "पुरे. काहीतरी खायला कर. इथलं जेवण म्हणजे ओला पुठ्ठा आहे."

योजनेतला मंगळवारचा एक तास कागदावर राहिला. विदादबाई रोज जातात, सहा-सहा तास बसतात. बिर्टेचं वजन चार किलोनं वाढलं. घरकुलाच्या व्यवस्थापिकेनं गोंगाटाबद्दल दोन पत्रं पाठवली. दोन्हींना बिर्टेनं उत्तर दिलं, ते इथं देता येण्यासारखं नाही. माल्टेनं दोघींचा फोटो योजनेच्या नव्या पत्रकावर छापला. खाली लिहिलं: 'निर्वासित महिलेला मिळाली पहिली डॅनिश मैत्रीण.'

"पहिली?" विदादबाई चष्मा लावून म्हणाल्या. "आणि ती सहा वर्षं?"

"ती यादीतल्या वस्तीतली," बिर्टे म्हणाली. "ती धरत नाहीत."

परवा डॉक्टरांनी विदादबाईंना तपासलं. झोप पाच-सहा तासांवर आलेली, भूक बरी, गोळी अर्ध्यावर. डॉक्टर खूश झाले. त्यांनी फाइलमध्ये सुधारणेचं कारण लिहिलं आणि मोठ्यानं वाचूनही दाखवलं: 'शांत, सुनियोजित परिसरात स्थलांतर.' विदादबाई वाद घालणार होत्या, तोंड उघडलंही होतं. पण पावणेअकराची बस पकडायची होती, आणि उशीर झाला की बिर्टे फार बोलते. त्यांनी पर्स उचलली आणि निघाल्या.