शाल मागवली नाही

“शेवटचं पान आधी दाखवा.”

मल्लेश्वरमच्या त्या विद्यापीठात बाहेरच्या पैशाचा कागद घेऊन कुणीही आलं, की मानसिंगअण्णा पहिलं हेच म्हणत. सव्वीस वर्षं कार्यालयातल्या एकाच टेबलामागे बसून त्यांनी असे कागद वाचले होते. घरात पिढ्यानपिढ्यांची मराठी, दारात कन्नड, आणि विश्वास दोन्हीकडे बेताचा.

देणगी म्हणजे दिलं आणि मोकळं झालं. अनुदान म्हणजे ठरल्या कामालाच पैसा लावायचा आणि काय केलं ते कळवायचं. करार म्हणजे काम त्यांचं, आणि त्यातून जे निघेल तेही बहुधा त्यांचंच. अण्णा नव्या पोरांना हे असं समजावत. देणगी देणाऱ्याला शाल घालायची तिथली पद्धत होती. ती मागवायचं काम अण्णांचं.

बोम्मसंद्र्याच्या एका रंगाच्या कारखान्यानं पाणी तपासायचं यंत्र देऊ केलं, ते वीणाच्या प्रयोगशाळेला. वीणा तीन वर्षं त्या भागातल्या बोअरचं पाणी बाटल्यांत भरून आणत होती. यंत्र आलं तर प्रबंध उन्हाळ्याआधी पुरा. नाहीतर आणखी एक वर्ष, आणि शिष्यवृत्ती तर मार्चमध्येच संपत होती.

“मानसिंगराव, शाल आली?” विभागप्रमुख भीमाचार्यांनी विचारलं.

“मागवली नाही.”

“अहो, पाहुणे येऊन बसलेत!”

“बसू द्या स्वल्प. रंगवाल्यांना पाण्याची एवढी काळजी कुठून आली, ते कळेना.”

कारखान्याचे चंद्रकांत हसले. पुण्याहून येऊन सर्जापूर रोडला स्थिरावलेला, गोड बोलणारा माणूस. “काका, सिंपल डोनेशन आहे. वरच लिहिलंय ना?”

“वर लिहिलंय. खाली काय लिहिलंय?” अण्णांनी नख टेकवलं. यंत्रावर काढलेले आकडे छापण्याआधी कारखान्याची लेखी संमती घ्यावी, असं तिथं होतं.

वीणानं ती ओळ दोनदा वाचली.

“फॉर्मॅलिटी आहे हो ती,” चंद्रकांत म्हणाले.

“मग खोडा. शाल मी माझ्या पैशानं आणतो. खोडायची नसेल तर वर करार असं लिहा, म्हणजे या पोरीला कळेल ती कुणाचं काम करतेय.”

चंद्रकांतांनी पेन उघडलं, मिटलं. “आमच्या सरांना विचारून सांगतो.” कागद त्यांच्या बॅगेत गेला.

आठवड्यानं कळलं, यंत्र दुसऱ्या कॉलेजला दिलं. कॅन्टीनमध्ये कुजबुज सुरू झाली. अण्णांना दुसऱ्या कुणी काही चारलं असणार. वीणाच्याही मनात ते रुतलं. संध्याकाळी ती त्यांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“अण्णा, खरं सांगा. तुम्हाला यात काय मिळालं?”

“शिव्या.”

“आणि माझं वर्ष गेलं.”

“गेलं.” अण्णा टेबल आवरत होते. “तुझ्या बाटल्यांत असं काय आहे, की त्यांना ते तुझ्याआधी बघायचंय?”

वीणा हळूच म्हणाली, “चौदा नंबरची बोअर त्यांच्या कारखान्याच्या भिंतीला लागून आहे.”

“सरी, ठीक आहे.” अण्णांनी खणातून एक अर्ज काढून तिच्यापुढे सरकवला. “सरकारी अनुदान. पैसे कुठं लावले ते सांगावं लागेल. काय छापायचं, ते विचारावं लागणार नाही. मुदत शुक्रवारची आहे.”

त्यांनी डबा उचलला आणि जिना उतरून, बसस्टॉपच्या दिशेनं, मागं न बघता चालू लागले. वीणा खिडकीतून बघत राहिली. अर्ज तिच्या हातात होता. हा माणूस खरंच एवढाच सरळ असेल का, हे तिला त्यांच्या पाठीवरून काही कळेना.