आजारी माणसाची हजेरी

माझे यजमान मुंबईला कापडगिरणीत होते. दोन साचे, म्हणजे कापड विणायचे दोन माग, त्यांच्या नावावर होते. ती जागा मिळायला त्यांना सहा वर्षं लागली होती. एका वर्षी शिमग्याला ते रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत आले आणि पालखी घरी यायच्या आधीच तापाने आडवे झाले. मुदतीचा ताप. मुदत सरली तरी उतरेना.

गिरणीत तेव्हा एक वहिवाट होती. गावी गेलेला माणूस आपल्या जागी घरचाच कोणीतरी उभा करी. त्याला बदली म्हणत. बदलीवाला पहिल्याचं तिकीट, म्हणजे गिरणीचा नंबराचा बिल्ला, दाखवी आणि हजेरी पहिल्याच्याच नावाने लागे. मुकादमाला माहीत असायचं, बाकीच्यांनी विचारायचं नाही. माझा धाकटा दीर घरीच होता. यजमानांनी त्याला तिकीट दिलं आणि तो बोटीने मुंबईला गेला. हे मला ठाऊक होतं. पण हजेरी कोणाच्या नावाने लागते हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहत. कोर्टात बेलीफ होते, आता घरी बसले होते. कायद्याचं काहीही असलं की वाडी त्यांच्याकडे जाई. ते म्हणाले, आजारी माणसाला रजेचा हक्क असतो, पण डॉक्टरचा दाखला हवा. दाखला नाही गेला तर नाव कापतात आणि मग बोलायला तोंड राहत नाही. मला ते पटलं. यजमान तापात होते, त्यांना काय विचारायचं?

गाडीत गवत पसरून त्यांना रत्नागिरीच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरने तपासून दाखला दिला. मी चौथी शिकलेली, वाडीत तेवढी शिकलेली दुसरी बाई नव्हती. मी स्वतः अर्ज लिहिला, की अमुक तिकिटाचा कामगार शिमग्यापासून अंथरुणाला खिळून आहे, तरी त्याची जागा राखावी. दाखल्यासकट रजिस्टर केला. त्या दिवशी मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

दहा-बारा दिवसांनी दिराचं पत्र आलं. 'वहिनी, हे काय करून बसलात? दादा रोज कामावर आहे असं बुकात आहे, आणि तुम्ही लिहिता तो तिथे आजारी आहे. मला दरवाजाबाहेर काढलं. साच्यांवर मुकादमाने आपला भाचा उभा केलाय. आठ दिवसांत दादा आला नाही तर जागा गेली.'

मी ते पत्र तीनदा वाचलं. लिहिलं ते सगळं खरं होतं. दाखला खरा, ताप खरा. मग चूक कुठली? पत्र घेऊन बेलीफांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुझा कागद बरोबर आहे. त्यांचा चूक आहे." एवढं बोलून ते आंब्याच्या कलमांना पाणी घालायला उठले.

ताप उतरून चारच दिवस झाले होते. यजमानांनी पत्र ऐकलं आणि म्हणाले, "बोट कधी आहे?" मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायला आल्या होत्या. दोघांनी धरून त्यांना पडावात बसवलं, तिथून बोटीवर चढवलं.

पुढचं मला कळलं ते गणपतीला, यजमान आणि दीर घरी आले तेव्हा. मुकादमाने त्यांना सरळ सांगितलं होतं. आजारी होतो म्हणालास तर तुझ्या नावाने दुसरा उभा होता हे उघडं पडतं, तू गेलास आणि मीही गेलो. तेव्हा आजारी नव्हतोच म्हण. बायकोला गावी एकटं करमेना, मला बोलावून घ्यायला तिने खोटा दाखला करवला, असं सांग. यजमानांनी तसं सांगितलं आणि लिहिलेल्यावर अंगठा उठवला. हजेरीच्या कारकुनाने त्यांच्याकडे पाहिलं. डोक्यावरचे केस गळलेले, गालफडं बसलेली, भिंतीला हात टेकून उभे. मग त्याने तो कागद फायलीला लावला. साचे परत मिळाले.

मी म्हटलं, "सहा आठवडे मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या मी कोणाच्या कपाळावर ठेवल्या?"

ते म्हणाले, "ते मला काय विचारतेस? मी गिरणीत होतो."

दीर हसला. मला हसू आलं नाही. ज्या जागेसाठी ते आजारी असल्याचं मी लिहिलं, ती जागा ते आजारी नव्हते म्हणून राहिली, हे मला तेव्हा उलगडलं नाही आणि आजही नीटसं उलगडत नाही. आजारपणाची रजा म्हणून खरोखर काही होतं का, असं मी त्यांना विचारलं. असेल, म्हणाले. त्यांच्या खात्यात कोणी मागून पाहिली नव्हती.

दोन वर्षांनी त्यांना पुन्हा ताप आला, गावीच. बेलीफ दाराशी येऊन दाखल्याची आठवण करून गेले. मी त्यांना चहा दिला, आणि दिराला तिकीट देऊन बोटीवर पाठवलं.