टिटवीची अंडी

कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. पेठ गावाजवळ एक म्हातारा शेत नांगरत होता. मी "पक्षी वाचवा!" असं ओरडत बांधावर पोचलो. हातात पत्रकं होती. तालुक्यातली सगळी पक्षिकुळं त्यांत चित्रांसह छापलेली. त्याने बैल थांबवून दोन्ही हात जोरजोरात हलवले. मला वाटलं, हाकलतोय. म्हणून मी मुद्दाम सरळ त्याच्याकडेच निघालो. पायाखाली काहीतरी फुटलं.

टिटवीची अंडी होती. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली. तो उकिडवा बसला, टरफलं बोटाने गोळा करू लागला.

"सकाळधरनं हितं नांगर उचलून नेतूय, भाऊ," तो म्हणाला. "बैलांलाबी कळलं व्हतं."

त्याचं नाव विचारायची हिंमत झाली नाही. माझं पत्रकाखाली ठळक छापलेलं होतं.