घोडीवरचं रबर

नेकनूरच्या स्टँडवर मला सोडायला एकटा माझा दोस्त किसन आलता. माझी बायको सोजर जाऊन वीस दिवस झालते. पिशवी गाडीत टाकत तो म्हणला, "बे, पुण्यात मरू नको. तिथं खांदा द्यायला वॉचमन येतो." मी हसलो, पण मांजरसुंब्यापर्यंत मनातलं भ्या हललं न्हाई.

भ्या कशाचं, ते गावात राहिलेल्यांनाबी सांगतो आन बाहेर पडलेल्यांनाबी. सोजर दुपारी माझ्याशेजारी पडल्या पडल्या गेली. कण्हली न्हाई, हाक मारली न्हाई. मी तिथंच घोरत होतो. तवापासून घर गप झालं की भ्या वाटतं.

आन पुण्यातलं घर गप केलं ते मीच. पोराच्या, बालाजीच्या फ्लॅटात पाय ठेवला तर त्याची लेक श्रेया वाजवत बसलेली. व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, जाड आवाजाचं वाद्य. व्हायोला म्हणतात. मी म्हणलो, "दुखवट्याचं घर हाय. वरीसभर वाजाप न्हाई."

पोरीची परीक्षा तोंडावर होती. निवड झाली तर परदेशातल्या कॉलेजात जागा. तरी भांडली न्हाई. तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्यावर तिनं एक जाडजूड रबर बसवलं, म्यूट म्हणतात त्याला, आन दार लावून घेतलं. भिंतीपल्याड कोणी पुटपुटावं एवढाच आवाज यायचा. तो थांबला की मी उठून दाराच्या फटीतून बघायचो, पोरगी हाय ना.

एकदा ती म्हणली, "आबा, व्हायोलासाठी मुद्दाम लिहिलेलं संगीत थोडंच आहे. बाकी व्हायोलिनचं, चेलोचं, आपल्या मापाचं करून घ्यायचं."

"म्हंजी भावंडांचे कपडे. माझं लहानपण थोरल्याच्या सदऱ्यात गेलं."

"तसंच. पण परीक्षेला हिचं स्वतःचं घेतलंय."

परीक्षेत घरच्यांना मागं बसू देत होते. समोर तीन परीक्षक. पुरा आवाज मी तवा पहिल्यांदा ऐकला, पार छातीत घुमला. शेवटाकडं पोरगी जरा थांबली आन एक बारकं रबर सरकवून घोडीवर चढवलं. आवाज विझत चालला. मला वाटलं, माझ्या दुखवट्यापायी ही हितंबी दाबून वाजवती. आन सोजर अशीच तर गेली, आवाज न करता. मी उठून वरडलो, "काढ ते, पोरी. आजी काय म्हणत न्हाई."

सगळ्यांच्या माना वळल्या. श्रेयाचा हात थांबला. मग तो शेवट तिनं पुन्हा वाजवला, रबर तसंच ठेवून.

रिक्षात बालाजी एवढंच म्हणला, "आप्पा, चार वर्षं राबली ती." घरी येऊन मी कपडे पिशवीत कोंबायला लागलो. तर श्रेया तिचा सुरांचा कागद घेऊन आली आन एका ओळीवर बोट ठेवलं. "इथं लिहिलंय, म्यूट लावा. ज्यानं रचलं त्यानंच. तुमच्यासाठी नव्हतं लावलं." मग म्हणली, "जाऊ नका. निकाल लागेपर्यंत मला एकटीला भीती वाटेल."

निकाल अजून लागला न्हाई. फोन वाजला की मी आधी पोरीकडं बघतो. माझ्या एका वरडण्यानं पोरीची जागा गेली असंल, तर तिला तोंड कसं दाखवू?

तुमी गाववाले विचारता, घरी कधी येतो. गावात आता मला कशाचंच भ्या न्हाई. तिथं माझं जे जायचं ते गेलं. हितं पोरीसाठी भ्या वाटतंय. मग घर हितंच म्हणायचं.