हौदाची ओटी

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि संध्याकाळी येताना बिघडलेले कागद घेऊन यायचे. कुठं शाई फासलेली, कुठं ओळ वाकडी गेलेली, पण मजकूर शाबूत. सभेची हाक, परदेशी मालावरचा बहिष्कार, कुणा ना कुणाचा निषेध. त्या कागदांवर मी अक्षरं शिकलो आणि त्याच कागदांवर आई आम्हाला चिरमुरे वाढायची. त्यामुळं असेल, जगातल्या प्रत्येक दुःखावर मला एकपानी इलाज दिसायचा. स्टेशनातल्या मैल्यावरही दिसला होता.

लढाईची वर्षं होती. बेळगावातून पलटणी हलत होत्या, आणि एकेका गाडीतून इतकी माणसं उतरत की फलाटाच्या टोकाचे संडास दुपारच्या आत भरून वाहायचे. संडासांखाली पत्र्याच्या बादल्या असत. त्या मागच्या दारातून ओढून काढायच्या, डोक्यावर घ्यायच्या आणि यार्डापलीकडच्या जुन्या खड्ड्यात नेऊन ओतायच्या. फलाट धुतलेलं पाणी, इंजिनांच्या शेडचं तेलकट पाणी, सगळं त्याच खड्ड्यात. तो भरला की दोन माणसं हातपंपाची दांडी मारत ते पाणी नाल्यात सोडत. वारा फिरला की वास टिळकवाडीत जाई. तिथल्या वकील-मास्तरांनी अर्ज केले तेव्हा कुठं वरच्या साहेबांना जाग आली. बादल्या वाहणाऱ्यांच्या कपाळावर जे वळ पडले होते, त्यांनी कुणाची झोप मोडली नव्हती.

नवी योजना साधी होती. बादल्या बंद. संडासांत पाणी सोडायचं, सगळा मैला जमिनीखालच्या नळांनी एका खोल दगडी हौदात आणायचा आणि ऑइल इंजिनवर चालणाऱ्या पंपानं तो दूर माळावर फेकायचा. मी पेटलोच. रातोरात पत्रक लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, ‘माणसाच्या डोक्यावरचा मैला आता यंत्राच्या डोक्यावर जाणार!’

वडिलांनी खिळे जुळवता जुळवता विचारलं, “यंत्राला डोकं असतंय व्हय रं?”

“अलंकार हाय तो, अण्णा.”

“असू दे. पर टाइप वाया घालवू नगंस.”

त्या ओळीवर माझा इतका जीव होता की मी त्या कामावरच नोकरी धरली. ठेकेदाराकडं, आलेले नळ आणि सिमेंट उतरवून घ्यायला. यंत्र येताना मला डोळ्यांनी बघायचं होतं.

बादल्या वाहणाऱ्यांत एकाला सगळे आप्पा म्हणत. चाळिशीचा असेल, पण मान पुढं झुकलेली, त्यामुळं म्हातारा वाटे. त्याची बायकोही तेच काम करी. मी तिला आक्का म्हणायचो. दोघं यार्डाच्या कुंपणाला लागून असलेल्या खोल्यांत राहत. हुबळीहून इंजिन घेऊन एक मेस्त्री आला होता, पाच वेळा नमाज पढणारा, तोंडानं फटकळ माणूस. इंजिन जागेवर बसवताना त्यानं आप्पाला हाताशी घेतलं. चाक कसं फिरवायचं, तेल कुठं द्यायचं, पट्टा कधी चढवायचा, सगळं शिकवलं, आणि एक दिवस साहेबाला सांगितलं, “पंप चालवायला खलाशी लागेल ना? ह्यालाच घ्या. हात चांगला आहे.” साहेब हो म्हणाला.

त्या दिवसापासून आप्पाची मान थोडी वर आल्याचं मला वाटायचं. आक्कानं निळं कापड आणून सदरा शिवून घेतला. खलाशी निळा सदरा घालतात म्हणून.

“आता हे येणार कोरड्या हातानं घरी,” ती मला म्हणाली. “लग्न झाल्यापास्नं मी ह्यांच्या हातचं पाणी प्याले न्हाय. ह्यांनीच दिलं न्हाय कधी. म्हणायचे, धू-धू धुतलं तरी वास जात न्हाय.”

“आणि तू गं?” आप्पा म्हणाला. “तुझ्या हातचं मी रोज पितोय की.”

“तुमाला नाक कुठं हाय!”

दोघं हसली. एवढंच त्यांना हवं होतं. त्यानं कोरड्या हातानं घरी यावं आणि बायकोला तांब्याभर पाणी द्यावं. पुढं जे घडलं ते वाचताना हे विसरू नका. मी विसरलेलो नाही.

हौद बांधून झाला. चाचणी घ्यायची तर आधी स्वच्छ पाण्यानं घ्यावी, असं मेस्त्रीचं म्हणणं पडलं. इंजिनांना पाणी देणाऱ्या नळातून हौद भरला. घडीव दगडाचा तो गोल हौद, त्यात ते निवळ पाणी, वर सकाळचं ऊन. कुणीही बघितलं असतं तर विहीरच म्हटलं असतं.

आणि ठेकेदारानं विहीरच म्हटलं. काकतीपासून सांबऱ्यापर्यंत त्यानं जन्मभर विहिरी बांधल्या होत्या. प्रत्येक विहिरीला पाणी लागलं की त्याची बायको ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, बांगड्या, सगळं पाण्याला अर्पण. ते झाल्याशिवाय त्याचे गवंडी हत्यारं गोळा करत नसत. हौदात उद्या काय पडणार हे त्याला ठाऊक होतं. पण आज पाणी होतं, आणि पाणी म्हटल्यावर ओटी आली. बायको मोटारीतून आली. आप्पाला आणि त्याच्या लोकांना कुंपणापलीकडं उभं केलं. हिरवा रेशमी खण, तांबडे काठ, पाण्यावर अलगद पसरला. मग भिजला आणि तांदळाच्या मागोमाग खाली गेला.

मेस्त्री माझ्या शेजारी उभा होता. तो पुटपुटला, “तांदूळ जाईल. तो कपडा नाही जाणार.”

पंपाचा नळ हौदाच्या तळापर्यंत गेलेला. त्याच्या तोंडाशी एक झडप असते, पाणी वर जाऊ देते, खाली येऊ देत नाही. तिच्यात कापड अडकलं की झडप मिटत नाही, पंप हवा धरतो आणि नुसताच फिरत राहतो. मेस्त्रीनं हे ठेकेदाराला सगळ्यांसमोर सांगितलं. कुंपणापलीकडून आप्पानं ऐकलं. तो पुढं आला, चपला काढून, लांब उभा राहून म्हणाला, “मालक, मी उतरतो की. पाणी अजून चांगलं हाय. खण काढून देतो, लगेच हुईल.”

ठेकेदार त्याच्याकडं बघत राहिला. “देवीची ओटी हाय ती. तिला तू हात लावणार?”

“मग तुमचा गवंडी उतरू दे,” मेस्त्री म्हणाला.

“घातलेली ओटी परत काढत न्हाईत, मेस्त्री. तुमच्यात न्हाय, तुमाला काय कळणार.”

मी म्हणालो, “उद्या ह्याच पाण्यात मैला सोडणार आहात. तेव्हा देवी कुठं जाणार?”

“तू लई पत्रकं वाचतोस,” ठेकेदार म्हणाला. गवंडी हसले. “पोरा, सिमेंटची पोती आत घे जा. पाऊस लागंल.”

आभाळ निरभ्र होतं.

दुसऱ्या दिवशी नळ जोडले आणि मैला हौदात आला. हौदावर लोखंडी झाकण बसवून चारी बाजूंनी बोल्ट आवळले, टिळकवाडीला वास जाऊ नये म्हणून. इंजिन सुरू झालं. आप्पानं निळा सदरा घालून चाक फिरवलं, पट्टा चढवला आणि माळाकडच्या नळातून काळं पाणी धडधडत बाहेर पडलं. आक्का कुंपणाशी उभी होती. तिच्या डोक्यावर बादली नव्हती. माझं पत्रक खरं झालं होतं, आठवडाभर.

मग पंपानं हवा धरली. इंजिन पळत होतं, माळावर थेंब नाही. संडासांतून मैला उलटा फलाटावर येऊ लागला, आणि संध्याकाळी पलटणीची गाडी यायची होती. साहेब आला, नाकाला रुमाल लावून उभा राहिला आणि म्हणाला, काय अडकलंय ते काढा. कोण काढणार, हे त्यानं विचारलं नाही. ठेकेदारानंही विचारलं नाही. दोघांनी फक्त आप्पाकडं बघितलं.

आप्पा म्हणाला, “मी खलाशी हाय न्हवं आता?”

“हायस की,” ठेकेदार म्हणाला. “म्हणूनच सांगतोय. तुझाच पंप हाय. न्हायतर काय मी उतरू?”

“तवा उतरतो म्हणालो तर...”

“तवाचं तवा. आता उतर. सायबाला सांगून तुझं पक्कं करतो.”

देवीच्या ओटीला त्याचा हात चालत नव्हता. ती ओटी गुवात बुडाल्यावर मात्र त्याच्याशिवाय कुणाचा हात चालेना. हे वाक्य मी नंतर अनेकदा लिहिलं आणि अनेकदा खोडलं. त्या वेळी मी ओरडलो ते एवढंच, की झाकण उघडून आतली कोंडलेली हवा आधी जाऊ द्या. गाडीची वेळ होत आली, असं उत्तर आलं.

आप्पानं सदरा काढला, नीट घडी करून पट्ट्याच्या बाजूला ठेवला. मेस्त्रीनं त्याच्या कमरेला दोर बांधला. झाकण बाजूला सरकलं तेव्हा आतून जी वाफ आली तिनं माझे डोळे मिटले. आप्पा शिडीवरून उतरला. “हाय, हाताला लागलं,” एवढं आम्ही ऐकलं. मग शिडी हलायची थांबली.

मेस्त्रीनं दोर ओढला, मी ओढला, शेवटी दोन गवंडीही धावले. तो वर आला तेव्हा डोळे पांढरे होते आणि तोंडातून काळं पाणी येत होतं. मुठीत खण होता. मेस्त्रीनं त्याला पालथा घातला, पाठीवर हात मारत राहिला, आणि खूप वेळानं त्यानं श्वास घेतला. तोपर्यंत पंपानं पाणी धरलं होतं. साहेब घड्याळ बघून निघून गेला.

तो वाचला म्हणून मी देवळात गेलो नाही, पण रडलो. मला वाटलं, संपलं एकदाचं.

संपलं नव्हतं. त्याच इंजिनघरात दुसरा एक छोटा पंप होता, फलाटावरच्या पिण्याच्या नळाचा. आठवडाभर आप्पा दोन्ही पंप चालवत होता, आणि कुणी बोललं नव्हतं. बोलले नव्हते कारण निळ्या सदऱ्यातला तो माणूस कोण, हे न बघण्याची सोय होती. आता सगळ्या स्टेशनानं त्याला हौदातून निघताना पाहिलं होतं. तिकिटबाबू, हमाल, चहावाला, सगळे एक झाले. हौदात उतरलेला हात आमच्या पाण्याला नको. साहेबाला कटकट नको होती. ठेकेदारानं आपल्या भाच्याला गावाकडून बोलावून खलाशी केलं. आप्पाची नोकरी त्यानं सांगितल्याप्रमाणं पक्की केली, पण हौदाची. झडप अडकेल तेव्हा उतरायचं. झडप काय, चिंध्यांनी, पत्रावळींनी, सैनिकांनी टाकलेल्या डब्यांनी सतत अडकत असे.

मी दुसरं पत्रक लिहिलं. ह्यात अलंकार नव्हता. छापखान्याच्या मालकानं ते छापायला नकार दिला, ठेकेदाराच्या घरचं लग्न होतं आणि पत्रिकांचं काम हातात होतं. मग मी हातानं प्रती काढून स्टेशनाच्या भिंतीवर चिकटवल्या. चहावाल्यानं त्या भजी बांधायला काढून नेल्या. माझी नोकरी गेली. त्याचं मला काही वाटलं नाही.

निघायच्या आधी मी त्यांच्या खोलीवर गेलो. आप्पा भिंतीला टेकून खोकत होता. निळा सदरा खुंटीवर होता.

“बस रं,” तो म्हणाला. “देवीनं मला धरून ठेवलंय बघ. सोडंना.”

“गप बसा,” आक्का म्हणाली. ती दारात दगडावर काहीतरी धूत होती. मी बघितलं. तो खण होता. ठेकेदाराला परत नको होता, बाकी कुणी हात लावायला तयार नव्हतं. तिनं तो राख लावून, रिठे लावून इतक्यांदा धुतला होता की हिरवा रंग उडून शेवाळासारखा झाला होता. तांबडे काठ मात्र तसेच होते.

“चोळी शिवणार?” मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की मी खाली बघितलं. तिनं खण पिळला, झटकला आणि कोनावर दुमडून त्याची जाड पट्टी केली. मग उठून नवऱ्याच्या मागं गेली, ती पट्टी त्याच्या नाकातोंडावरून घेतली आणि मानेमागं गाठ मारून बघितली.

“बसतंय बगा,” ती म्हणाली. “श्वास घ्या. घेता येतोय?”

आप्पानं मान हलवली. खणाआडून तो काहीतरी बोलला, पण मला कळलं नाही. आक्कानं गाठ थोडी सैल केली. तेवढ्यात बाहेरून ठेकेदाराच्या भाच्याची हाक आली, पंपानं हवा धरली म्हणून. आप्पा उठला. तिनं त्याला दारात थांबवून तांब्या भरून पुढं केला. त्यानं खण खाली ओढला, पाणी प्यायला, रिकामा तांब्या तिच्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवला आणि यार्डाकडं गेला.