पालथी कवडी

आईचा गळा दुसऱ्याच्या दुकानात दिसला तेव्हा मी वरणाला फोडणी देत होते. फोन ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवलेला, आणि मोकळ्या हाताने मी एकेक दागिना वर सरकवत होते. लोक काय विकताहेत ते अधूनमधून बघावं लागतं, धंदाच तसा आहे. तर सरकवता सरकवता ती समोर आली. कवड्यांची माळ, मधे काळ्या सुताचे गोंडे, आणि माळेमागे हनुवटीपर्यंतचा आईचा गळा. आईला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. फोडणी जळून काळी झाली आणि घरच्यांनी ते वरण तसंच खाल्लं.

गळा आईचाच होता, फक्त तरुण केलेला. सुरकुत्या पुसून टाकल्या होत्या. हनुवटीखालचा गोंदणाचा हिरवा ठिपका गायब होता. खांद्याच्या हाडाला एक उंचवटा होता, विहिरीच्या पायरीवरून घसरल्यावर हाड वाकडं जुळलेलं. तो मात्र पुसायचा राहून गेला होता. त्यावरूनच मी ओळखलं, नाहीतर माझ्याही लक्षात आलं नसतं. मला चीड नंतर आली. आधी भीती वाटली. आई गेल्याचं आम्ही सगळ्या गोतावळ्याला कळवलं होतं, पण फोनला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

माझं माहेर इंझोरीचं. आई पोळ्यासाठी बैलांचे दागिने करायची. गोंडे, कपाळावर बांधायच्या मटाट्या, आणि सगळ्यात जास्त मागणी कवड्यांच्या माळांना. कवडीला एक फुगीर पाठ असते आणि एक बारीक दातांची फट. पाठ दगडावर घासून फोडायची, त्यातून सुई घालायची, आणि फट बाहेर येईल अशी कवडी बांधायची. त्या फटीला आई कवडीचा डोळा म्हणायची. माळ सांगायला कुणी आलं की आई आधी एकच विचारायची, “जोडी हाये का एकटा?”

जोडीतला एक बैल मेला असेल तर उरलेल्याच्या माळेत ती एक कवडी पालथी बांधायची. तिची पाठ फोडायची नाही. टोकांना बारीक भोकं पाडून, डोळा आत, बैलाच्या छातीकडे करून ती बसवायची. मी लहान असताना विचारलं होतं, हे कशाला? आई म्हणाली, “बाकीच्या जत्रा पाह्यतात. हे एक गेल्याले पाह्यते.” जोडीदार गेला की बैल कितीतरी दिवस त्याच्या रिकाम्या बाजूला मान वळवत राहतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यापुढे काही सांगावं लागत नाही.

पुढे ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, माळांना गिऱ्हाईक उरलं नाही. मी लग्न होऊन मानोऱ्यात आलेली. बसल्या बसल्या मी त्या माळा लहान केल्या, कवड्या बारीक घेतल्या, सूत बदललं, आणि बायकांच्या गळ्यात घालता येतील अशा करून फोनवर विकायला ठेवल्या. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एकीने विचारलंच, “बैलाचं सामान पोरीयच्या गळ्यात काहून घालतं वं?” मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याच्याही गळ्यात घालते, फक्त त्याने दिवसभर वखर ओढून दाखवावा. पण माळा चालल्या. आई महिना महिना येऊन राहायची. ती पाठी घासायची, मी ओवायचे. आमची जोडी चांगली जमली होती.

मग बाबा गेले. आईचं मंगळसूत्र उतरवलं. काही दिवसांनी मी इंझोरीला गेले तर तिच्या गळ्यात छोटी कवड्यांची माळ, आणि डावीकडे एक कवडी पालथी.

“हे कवा केली माय?”

“गळा रिकामा लागून राह्यला होता,” ती म्हणाली.

भावकीतल्या बायकांनी नाकं मुरडली. कपाळ पांढरं झालेली बाई माळ घालून मिरवते म्हणाल्या. आईने त्यांना ऐकवलं, “बैलाले चालते, मंग मले काहून नाई चालत?”

त्या हिवाळ्यात अंगणात ऊन खात बसलेली असताना मी तिच्या गळ्याचा फोटो काढला आणि माझ्या पानावर टाकला. विकायला नव्हता टाकला. माळ सुंदर होती आणि ती आईची होती, एवढंच. खूप जणींनी मागितली. मी सगळ्यांना नाही म्हटलं. आई गेली तेव्हा भावाला सांगून ती माळ तिच्या गळ्यातच राहू दिली. तिसऱ्या दिवशी राख सावडताना भावाच्या हाताला एक कवडी लागली. जळून चुन्यासारखी पांढरी झालेली, पण आकार शाबूत. ती पालथी होती की बाकीच्यांतली, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पाठ एका बाजूने फुटलेली होती, पण ती आईने फोडली की आगीने, कोण जाणे. मी ती एका स्टीलच्या डबीत कापूस घालून ठेवली.

डबी उघडली की कधी कवडी पालथी दिसायची, कधी उताणी, डोळा वर. उताणी दिसली की मी घाईने झाकण लावायचे. तो फोटो सापडल्यापासून तर हमखास. वाटायचं, आई वर बघते आहे आणि विचारते आहे, माह्या गळा कोनाच्या दारोदार फिरवून राह्यली तू?

मी तक्रार केली. फोटो माझा होता, तारखेसकट माझ्याकडे होता, त्यामुळे तो त्यांना काढावा लागला. मला वाटलं जिंकले. आठवड्याच्या आत तीच माळ परत आली, या वेळी घागरा घातलेल्या एका हसऱ्या पोरीच्या गळ्यात. पालथी कवडी डावीकडे, जिथल्या तिथे. खाली लिहिलं होतं, नववधूसाठी खास. मी परत तक्रार केली तर उलट मलाच विचारलं, फोटो तुमचा असेल, पण नमुना तुमचा आहे याचा पुरावा द्या. पुरावा इंझोरीच्या स्मशानात जळून गेला होता. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसं माझं झालं होतं.

त्यानंतर ती माळ जिकडेतिकडे दिसायला लागली. एका दुकानाचं बघून दुसऱ्याने केली, दुसऱ्याचं बघून तिसऱ्याने. मानोऱ्याच्या बसस्टँडवर कारंज्याच्या गाडीची वाट बघत एक पोरगी उभी होती, तिच्या गळ्यात. मी तिच्या मागोमाग गाडीत चढायला निघाले होते, मला कुठेच जायचं नसताना. माझे इतर नमुनेही उचलले होते, नाही असं नाही. त्यांच्यासाठी मी शिव्या दिल्या आणि नवे नमुने केले. पण ही माळ नमुना नव्हती. एका बाईने नवरा गेल्यावर स्वतःसाठी केलेली खूण लोक नवरीच्या गळ्यात बांधत होते, आणि हे जगात फक्त मला माहीत होतं.

शेवटी त्या पहिल्या दुकानाच्या पानावरचा नंबर मी लावला. एका बाईने उचलला. मी भांडायच्या तयारीत होते, पण ती इतकं गोड बोलली की मला सुरुवातच करता येईना.

“ताई, असेल तुमची आयडिया, मी नाही कुठे म्हणते? पण आता सगळेच करतात ना. आणि खरं सांगू, ती एक उलटी कवडी आहे ना, त्याच्यामुळेच पीस उठून दिसतो. तिचा काही अर्थ आहे का हो? असेल तर सांगा, आम्ही खाली लिहू. तुमचं नावसुद्धा देऊ.”

माझ्या जिभेवर आलं होतं. सांगितलं असतं तर कदाचित तिने ती माळ बंद केली असती, आणि किती पोरींच्या गळ्यातून ती खूण निघाली असती. पण तिच्या आवाजात जी उत्सुकता होती ती धंद्याची होती. आईचं दुःखही तिने दोन ओळींत लिहून माळेखाली लावलं असतं. तेवढं एकच आईचं माझ्याकडे उरलं होतं, जे कुणाला उचलता आलं नव्हतं. मी फोन ठेवून दिला. नंतर कितीतरी दिवस मला चैन पडलं नाही. लग्नाचा हंगाम चालू होता, आणि कुठेही बँड वाजला की मी उठून खिडकी लावून घ्यायचे.

त्याच हंगामात कामरगावला माझ्या दिराच्या मुलीचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी मी पोचले तर तिने मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

“काकू, डोये मिटा,” ती म्हणाली. मग म्हणाली, “आता उघडा. पाहा, तुमच्यावानीच हाये ना? तुमाले सांगतलं असतं तर तुमी माह्यापाशून पैसे घेतले नसते, म्हून म्या फोनवरून मागवली. उद्या हेच घालतो.”

तिच्या गळ्यात आईची माळ होती. डावीकडे पालथी कवडी. हळदीने पिवळ्या झालेल्या त्या कोवळ्या गळ्यावर ती मला दिसली आणि काढून घ्यायला माझा हात पुढे झाला. मी शकुन-अपशकुन मानणारी बाई नाही. पण हिला मी मांडीवर घेऊन वाढवली आहे, आणि ती मंडपात एकटी उरलेल्या बैलाची माळ घालून उभी राहणार होती.

“लय मस्त हाये,” मी म्हणाले. “फकत गोंडा ढिला झाला. आन इकडे, दोन टाके मारून देतो.”

माळ घेऊन मी मागच्या कोठीत गेले. तिथे सोयाबीनची पोती रचलेली होती, त्यातल्या एकावर बसले. पर्समध्ये सुईदोरा आणि कात्री कायम असते. पालथ्या कवडीचा दोरा मी कापला. इतर कवड्यांसारखी ती उताणी करायची आणि शिवून टाकायची, कुणाला कळणारही नाही, असं ठरवलं होतं. कवडी बोटात धरून उलटली.

खाली काहीच नव्हतं. सपाट होतं. नखाने वाजवून पाहिलं, प्लॅस्टिक. साच्यातून काढताना राहिलेली एक बारीकशी कड, बस. फट नाही, दात नाहीत, डोळा नाही. फोटोत दिसतं तेवढंच त्यांनी केलं होतं. फोटोत पाठ दिसत होती, म्हणून नुसती पाठ. खाली, जिथून आई बाबांना बघायची, तिथे त्यांना काही करायचं असतं हे माहीतच नव्हतं.

मी पोत्यावर बसून हसले. मग रडले, आणि रडताना बरं वाटलं. इतके महिने मी ज्याला भीत होते, त्याला डोळाच नव्हता. या माळा कुणाच्याच आठवणीत बघत नव्हत्या. पोरींच्या गळ्यात त्या नुसत्या लोंबत होत्या, आणि त्यांचं काही वाईट होणार नव्हतं.

मी कवडी होती तशीच परत शिवली. बाहेर आले तर नवरी दारातच उभी.

“काय झालं काकू? तुमचे डोये लाल कायले झाले?”

“पोत्यातली धूळ गेली,” मी म्हणाले. “घाल. काई नाई तिच्यात.”

दुसऱ्या दिवशी ती माळ घालून मंडपात गेली. सुंदर दिसत होती. लोकांनी फोन वर धरून तिचे फोटो काढले, आणि मला एकदाही दचकायला झालं नाही.

मानोऱ्याला परतल्यावर पिशवी तशीच खाली ठेवली आणि आधी डबी काढली. कवडी उताणी पडली होती. या वेळी मी झाकण घाईने लावलं नाही. एवढी जळूनही तिची फट तशीच होती, बारीक दातांसकट. मी बोटाच्या टोकाने ती हळूच पालथी केली, कापसावर, डोळा खाली.

“इकडे नोको पाहू आता, माय,” मी म्हणाले. “तिकडेच पाह्य, बाबाले. तुही कवडी कोनालेच नाई जमली.”