मंचरच्या दवाखान्यात पडलेली गाठ

राजुरीला आमच्या मंडळानं रक्तदान शिबिर ठेवलं, तेव्हा डिंगोऱ्याच्या मित्राला मीच फोन करून बोलावलं होतं. आम्ही दोघं आयटीआयला एकत्र शिकलो. पुढं मी मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं आणि तो घरच्या कांद्यात रमला. त्याचे वडील मेंढरं घेऊन पार कोकणात उतरायचे. याच्याकडं आता गोठ्यात थोडीच उरली होती.

शिबिरानंतर काही दिवसांनी तो दुकानात आला. गिऱ्हाईक गेल्यावर उठून स्वतःच शटर अर्धं खाली ओढलं. रक्तपेढीतून त्याला फोन आला होता. फोनवर काही सांगायला तयार नव्हते म्हणून तो समक्ष गेला, तर तुमच्या रक्तात एचआयव्हीची शंका येतेय, सरकारी केंद्रात जाऊन पक्की तपासणी करून घ्या, असं त्याला सांगितलं होतं.

मी त्याला सरळच विचारलं, "कुठं गेला व्हतास का?"

"तूबी हेच इचारनार?" तो म्हणाला. "न्हाई गेलो राव. पोरीची शप्पथ."

मी मान हलवली, पण डोकं थांबेना. मागं कांद्याची गाडी घेऊन तो वाशीच्या मार्केटला जायचा, तिकडंच मुक्काम करायचा. त्या मुक्कामांचं तो कधीच काही बोलला नव्हता, हे मला नेमकं तेव्हाच आठवलं.

त्याचंही मन असंच सैरभैर फिरत होतं. आधी न्हाव्याच्या ब्लेडवर संशय, मग तापात घेतलेल्या इंजेक्शनवर, मग मेंढरांना लस टोचताना बोटात गेलेल्या सुईवर. घरात त्यानं आपला पेला आणि टॉवेल वेगळा ठेवला होता. लेक जवळ आली की काहीतरी काम काढून उठायचा, झोपायला गोठ्यात जायचा. बायकोला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. बोलता बोलता गाडी तिच्यावरच आली.

"कालच लेकीला घेऊन माहेरी पेठला गेलीय. आई आजारी हाय म्हनली. मी सासूला फोन लावला तर म्हातारी शेतात खुरपत व्हती. मंग ही गेली कशाला? हे तिच्याकडनंच आलं नसल ना?"



जुन्नर, ओतूर, नारायणगाव, सगळीकडं ओळखीचं कुणी ना कुणी भेटणार, म्हणून आम्ही मंचरच्या सरकारी दवाखान्यात जायचं ठरवलं. सकाळी माझ्या गाडीवर निघालो. त्यानं तोंडाला रुमाल बांधला होता, तो दवाखान्यात शिरल्यावरही सोडला नाही. तपासणीच्या खोलीबाहेर बाकं होती आणि त्यातल्या शेवटच्या बाकावर डोक्यावरचा पदर पुढं ओढून वहिनी बसली होती. त्याचीच बायको.

त्यानं माझं कोपर गच्च धरलं. "बघ," तो हळूच म्हणाला, "म्हनलं न्हवतं तुला?"

वहिनीनं रुमालातूनही त्याला ओळखलं. उठून समोर आली. आवाज अजिबात चढवला नाही.

"तुमी कशाला आलाय ते मला ठावं हाय. मी कशाला आले, ते तुमाला ठावं हाय का?"

मग तिनं सगळं सांगितलं. वेगळा पेला दिसला तेव्हा तिला वाटलं, बाहेर कुणीतरी बाई असणार. मग एकदा आईला फोन लावायला त्याचा मोबाइल घेतला, तर तो या आजाराबद्दल काय काय शोधत होता ते सगळं समोरच आलं. विचारलं तर हा खोटं बोलेल, असं तिला वाटलं. म्हणून लेकीला आईकडं सोडून तिनं स्वतःची तपासणी करून घेतली होती. तिचा रिपोर्ट नुकताच हातात आला होता, स्वच्छ.

"आता तुमी आत जा," ती म्हणाली.

तो आत गेला. तिचं स्वच्छ निघालं म्हटल्यावर सगळा संशय त्याच्या एकट्याच्या अंगावर आला होता. बाकावर बसून वहिनीनं मला विचारलं, "भावजी, वाशीला कुनाकडं जात व्हते का?" मी नाही म्हणालो. मला ठाऊक होतं तेवढं तेच होतं, पण माझा आवाजच मला कच्चा वाटला. तिनं पुन्हा विचारलं नाही.

बऱ्याच वेळानं तो बाहेर आला. रुमाल खिशात होता. "काय न्हाई निघालं," तो तिला म्हणाला. तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. समुपदेशक बाईंकडं जाऊन विचारलं. बाईंनी आधी त्याच्याकडं पाहिलं, त्यानं मान हलवली, तेव्हाच त्या बोलल्या. रक्तपेढीत जराशी शंका आली तरी ती पिशवी बाजूला काढतात, त्यात कधीकधी निरोगी माणूसही सापडतो, खात्रीसाठी काही आठवड्यांनी पुन्हा एकदा येऊन जा, असं त्यांनी समजावलं. आणि आजार असता तरी पेला वेगळा ठेवायची गरज नव्हती, एका ताटात जेवल्यानं, लेकराला जवळ घेतल्यानं तो लागत नाही, औषधं घेऊन माणसं व्यवस्थित जगतात, हेही सांगितलं.

फाटकाशी आल्यावर वहिनी थांबली.

"मला बाकावर बघितलं, तवा तुमच्या मनात पयलं काय आलं?"

त्यानं खिशातला रुमाल काढून पुन्हा तोंडाला बांधला. ती पेठच्या एसटीत बसून निघून गेली.

परतताना नारायणगावला चहा घेतला. त्याचा कप तसाच राहिला. पुढं तो एकटाच पेठला गेला आणि तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिला देऊन आला. मग ती परत आली. दुसरी तपासणी दोघांनी मिळून जुन्नरला केली, तोंड न झाकता. तीही स्वच्छ निघाली.

आता तो गोठ्यात झोपत नाही. पण कांदा घेऊन वाशीला गेला की अजूनही कधीतरी वहिनीचा फोन येतो. आधी दुकान कसं चाललंय ते विचारते, मग सहज विचारल्यासारखं विचारते, यांचा काय फोन आला व्हता का. आलेला असो वा नसो, मी आला होता म्हणून सांगतो. ती "बरं" म्हणते आणि फोन ठेवते.